आज किती आणे समजलं?

तांबोळी सर फळ्यावर आधी उत्तर लिहायचे. वर्गात आले की हजेरीच्याही आधी उजव्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचे, त्याभोवती गोल काढायचे आणि मग सावकाश डावीकडे जाऊन गणित लिहायला सुरुवात करायचे. आठवीच्या पहिल्या दिवशी तो आकडा साठ होता. गणित होतं, ऐंशीचे पंचाहत्तर टक्के किती. वर्गात हशा पिकला. पहिल्या बाकावरचा मोहित ओरडला, "सर, आन्सर तो आपने पहले ही लिख दिया!"

"हां, लिख दिया," सर म्हणाले. "उत्तर की टेन्शन खतम. अब ये बताओ, वहाँ तक पहुँचे कैसे?"

मोहित कोचिंगला जायचा. त्याने पंचाहत्तर भागिले शंभर गुणिले ऐंशी असं खाडखाड सांगितलं. सरांनी ते लिहिलं आणि वर नाव घातलं, 'मोहितवाला'. मग म्हणाले, "और कोई?" फरहा नावाची मुलगी उठली. तिने ऐंशीचे निम्मे चाळीस केले, चाळिसाचे निम्मे वीस केले आणि दोन्हींची बेरीज केली. शेजारी 'फरहावाला' आलं. "और कोई?" मागून कुणी तरी म्हणालं, चौथा हिस्सा काढून टाकायचा, उरेल ते उत्तर. त्याचंही नाव फळ्यावर चढलं. सर काहीच पुसत नव्हते. आधीच्या शाळेत गणित सुटलं की फळा पुसला जायचा. इथे सुटलेलं गणित तसंच राहायचं आणि सर खडू हातात धरून पुन्हा विचारायचे, "और कोई?"

मला तेव्हा गाझियाबादला येऊन वर्षच झालं होतं. हिंदी कळायचं, पण बोलताना आधी मनात मराठी वाक्य तयार व्हायचं. सरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बेटा, पचहत्तर परसेंट यानी कितना?"

मी उभी राहिले आणि घाबरून मराठीतच बोलले, "सातशे पन्नास." मग चूक भाषेची झाली असं वाटून हिंदीत सांगितलं, "सात सौ पचास." आता मात्र अख्खा वर्ग हसला. शंभरातले पंचाहत्तर विचारले होते आणि ही सातशे पन्नास म्हणते.

सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली घेतला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "हजारात सांगतेस होय? हे कुठून आणलंस?"

त्या शाळेत कुणी माझ्याशी मराठीत बोलेल अशी कल्पनाही मी केली नव्हती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दुकानातून."

दुकान म्हणजे बाबांचं गलाईचं दुकान. आमच्या खानापूर तालुक्यातली बरीच माणसं पिढ्यानपिढ्या देशभर विखुरली आहेत. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं, हे त्यांचं काम. बाबा आठवीतून काकांबरोबर निघाले ते गाझियाबादच्या जुन्या बाजारात येऊन थांबले. मी सातवीत गेले तेव्हा आई आणि मी आलो आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहू लागलो. खालचं सगळं बोलणं वर ऐकू यायचं. गावच्या शाळेत टक्केवारी शिकायची राहून गेली होती. ती मी जिन्यात बसून शिकले. बावीस कॅरेट म्हणजे नऊशे सोळा, अठरा म्हणजे सातशे पन्नास, चौदा म्हणजे पाचशे पंच्याऐंशी. तिथे शंभर नव्हतेच. वस्तूचे चोवीस भाग करायचे आणि शुद्धता हजारात सांगायची. कुणी मला 'पाऊण' म्हटलं की माझ्या मनात आधी अठरा यायचं, मग सातशे पन्नास, मग मी ते मराठीतून हिंदीत आणायची आणि शेवटी शाळेसाठी इंग्रजीत.

सरांना मी हे सगळं त्या दिवशी सांगू शकले नाही. पण त्यांनी फळ्यावर एक नवा रकाना आखला, वर माझ्या आडनावाने 'जाधववाला' लिहिलं आणि खाली काही न लिहिता तसाच सोडला. म्हणाले, "हा रिकामा ठेवतोय. तुझं तयार झालं की येऊन भर." मला तीन आठवडे लागले. दर तासाला तो रकाना ते नव्याने आखायचे आणि रिकामाच ठेवायचे. शेवटी एक दिवस मी जाऊन लिहिलं: चोवीस भाग, अठरा सोनं, सहा खोट, म्हणजे तीनास एक, ऐंशीचे चार भाग केले तर वीस खोट आणि साठ सोनं. मोहितने मागे वळून फरहाला विचारलं, "यार, ये गोल्ड कहाँ से आ गया?" सर म्हणाले, "तेरे तरीके में सौ कहाँ से आया था, वो पूछा किसी ने?"

दिसायला सर अगदी साधे होते. सडपातळ, थंडीत कानाला मफलर, आणि खडू ठेवायला चष्म्याचं रिकामं घर. खडू असे मखमलीत झोपायचे आणि चष्मा शर्टाच्या खिशात किल्ल्यांबरोबर ओरखडे खात राहायचा. मूळचे फलटणचे. तिथल्या हायस्कुलात नोकरी होती. त्यांच्या पत्नी, नसीमकाकू, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होत्या. काकूंची बदली दिल्लीला झाली तेव्हा सर नोकरी सोडून मागोमाग आले. कुणी विचारलं, दिल्लीत कसे काय आलात, की म्हणायचे, "मी बदलीवर आलेल्या बाईचा नवरा." त्यांना हे सांगताना कधी ओशाळं वाटलं नाही. उलट ऐकणाराच जरा गडबडायचा.

तास संपायला आला की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "आज किती आणे समजलं?" सुरुवातीला कुणालाच काही कळेना. "सर, आना क्या होता है?" फरहाने विचारलं. सरांनी फळ्यावर भाकरीएवढं वर्तुळ काढलं आणि त्याचे सोळा तुकडे केले. "पूरा यानी सोलह. आधा समझा तो आठ. थोडा कच्चा रह गया तो बारह." ही सवय त्यांना गावाकडून लागलेली. त्यांच्या लहानपणी पिकाची आणेवारी सांगत. यंदा ज्वारी दहा आणे, यंदा बाजरी सहा आणे. "टक्केवारी मी सहावीत शिकलो," ते मला एकदा म्हणाले. "तोवर जग सोळाचंच होतं. शाळेत गुरुजींनी विचारलं, अर्धे म्हणजे किती टक्के? मी सांगितलं, आठ. काय हाणला होता मला!"

मोहित रोज छाती काढून सांगायचा, "सोलह आना, सर!" सर म्हणायचे, "सोलह वाले को कल आने की ज़रूरत नहीं. तू घर पे सो." आणि वर्गाला सांगायचे, चांगल्यातलं चांगलं पीक त्यांनी चौदा-पंधरा आणे ऐकलं होतं, सोळा कधीच नाही. त्यांचे वडील म्हणत, एखादा आणा तरी पाखरं खातात. मी मात्र रोज बारा सांगायची. समजलं तरी बारा, नाही समजलं तरी बारा. बारा म्हटलं की सर पुढे काही विचारत नाहीत, हे मला फार लवकर कळलं होतं.

सर चुकायचे, तेव्हाही ते फळ्यावरच चुकायचे. एकदा गणित होतं: एका चाचणीत विसापैकी पंधरा, दुसरीत तिसापैकी पंधरा, मग एकूण किती टक्के? फरहाने वरचे आकडे मिळवून तीस केले, खालचे मिळवून पन्नास केले आणि साठ टक्के सांगितले. त्या दिवशी सर कसल्या तरी घाईत होते. उत्तरही त्यांनी आधी लिहिलं नव्हतं. "ना, ना. अपूर्णांक ऐसे नहीं जोड़ते," म्हणत त्यांनी तिची रीत खोडली. मधल्या सुट्टीत फरहाने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत सर वर्गात हजर. मफलर अजून कानालाच होता. "फरहा, कल मैं गलत था," ते म्हणाले. "सवाल टोटल मार्क्स का था. तूने दो अपूर्णांक नहीं जोड़े, तूने दो पेपर जोड़े. मी नियम बघितला, गणित बघितलंच नाही." शेवटचं वाक्य मराठीत गेलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. फरहाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला कानात अर्थ सांगितला.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण यात एक अडचण होती आणि ती मी लपवणार नाही. सरांचा पोर्शन कधीच वेळेवर संपत नसे. एकाच गणिताच्या पाच रीती लिहायच्या तर पाच गणितं कधी सोडवणार? शेजारच्या तुकडीचा धडा संपून उजळणी सुरू झालेली असायची आणि आम्ही अजून "और कोई?" वरच. पालकसभेत तक्रारी यायच्या. मोहितच्या आईने स्पष्टच विचारलं होतं, "सर, बोर्ड में पाँच तरीके के पाँच नंबर मिलेंगे क्या?" सर म्हणाले, "नहीं मिलेंगे जी." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच रकाने आखले.

नववीत असताना जानेवारीत आमच्याकडच्या मराठी मंडळींची बस पानिपतला काला अंब या लढाईच्या स्मारकाला गेली. बाबा एरवी दुकान सोडत नाहीत, पण त्या दिवशी सोडतात. त्या बसमध्ये सर आणि काकूही होत्या. धुकं इतकं होतं की खिडकीतून काहीच दिसेना. कुणा लहान मुलाने रडत विचारलं, अजून किती राहिलं? झालं, सरांना विषयच मिळाला. "किती रस्ता आला असेल, सांगा बघू आपापल्या हिशोबाने." ड्रायव्हर म्हणाला, "आधे से ज़्यादा, साहब." एक आजोबा म्हणाले, एक झोप झाली म्हणजे तिसरा हिस्सा. काकू म्हणाल्या, "तिळाच्या लाडवांचा डबा पाऊण रिकामा झालाय, त्यावरून काढा." बाबा माझ्या शेजारी बसून एवढा वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, "चौदा कॅरेट आला असंल." सर ताडकन मागे वळले. "म्हणजे तुम्हीच का ते!" त्यांनी जागा बदलली आणि पानिपत येईपर्यंत बाबांशी बोलत बसले. इकडे बाबांच्या शेजारी असं कुणी येऊन बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दहावीत गोष्ट गंभीर झाली. बोर्डाला गणिताचे दोन पेपर असतात, एक स्टँडर्ड आणि एक बेसिक. बेसिक सोपा, पण आमच्या शाळेत तो घेतला की अकरावीत गणित मिळत नसे. सहामाहीत ज्यांना कमी गुण पडतील त्यांना बेसिकला घालायचं, असं शाळेने ठरवलं होतं, कारण शाळेचा निकाल सांभाळायचा होता. सहामाहीचे पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासले. माझा शेवटचा अख्खा भाग सोडवायचा राहिला होता. वेळ पुरला नव्हता. त्याआधीच्या एका उदाहरणात मी पंचवीस टक्के म्हणून अडीचशे लिहिलं होतं, आणि हजाराने भागायचं ते मनातल्या मनात भागलं होतं. उत्तर बरोबर होतं. पण तपासणाऱ्याला ती पायरी दिसली नाही, त्याने उभी रेघ मारली. मला त्यात अन्याय वाटला नाही, अजूनही वाटत नाही. कागदावर जे नव्हतं ते त्याने कुठून वाचायचं?

माझं नाव बेसिकमध्ये गेलं. मला तेव्हा गणित आवडतं असं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरात कुणी दहावीपर्यंत पोचलेलंच नव्हतं, तर गणित गेल्याने नक्की काय जातं हे मी कुणाला सांगणार? पण त्या आठवड्यात मला जेवण जाईना.

वह्यांचा गठ्ठा घेऊन मी स्टाफरूमच्या दाराशी गेले तेव्हा आत सर आणि कोऑर्डिनेटर मॅडम बोलत होते. माझ्याचबद्दल. मी तिथेच थांबले.

"सर, बच्ची मेहनती है, मैं मानती हूँ. लेकिन बहुत स्लो है."

"स्लो नहीं है, मॅडम," सर म्हणाले. "दूर से आती है."

मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अजिबात कडक नव्हता, "सर, पेपर तीन घंटे का ही होता है. दूर से आने वालों को एक्स्ट्रा टाइम थोड़ी मिलता है."

सर यावर काही तरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. मग ते म्हणाले, "ये बात आपकी सही है." मी गठ्ठा दाराशी ठेवून वर्गात परत आले. त्यांनी माझी बाजू अशी अर्ध्यावर सोडून दिल्याचा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांना मॅडमचं म्हणणं खरंच पटलं होतं, आणि पटलेलं नाकारायची त्यांना सवय नव्हती.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर सर दुकानात आले. बाबांनी गादीवरची चादर झटकली, चहा सांगितला, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "सर, तुम्ही निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की." सरांनी आधी काम बघू द्या म्हणून हट्ट धरला. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं; ते भट्टीतून निघताना सर लहान मुलासारखे वाकून पाहत राहिले. मग विचारलं, "सगळ्यात कमी किती कॅरेटचं आलंय तुमच्याकडे?"

"नऊ," बाबा म्हणाले. "एक बाई परदेशातनं साखळी घेऊन आल्यात्या. तीनशे पंचाहत्तर."

"तेही गाळता?"

"गाळतो की. येळ जास्त लागतो, एवढंच."

सरांनी मान हलवली. चहा आला. मग त्यांनी बाबांना दोन पेपरांची गोष्ट समजावून सांगितली. बाबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सर, पोरीला झेपंल तेच द्या. सोपा दिला तर तिचं काय जाईल?"

"काही जाणार नाही. पास होईल, कॉलेजातही जाईल. फक्त पुढचं गणित जाईल."

"आन अवघड दिला तर?"

"नापास होऊ शकते. मी खोटं सांगणार नाही. तिला दोन कामं करावी लागतात, दुसरी मुलं एकच करतात. ती आधी गणित सोडवते, मग ते पुस्तकाच्या भाषेत आणते."

"मग तुमचा अंदाज काय? किती आणे?" बाबांना ती भाषा बसमधून माहीत झाली होती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बारा म्हणावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "आजच्या घडीला दहा. म्हणजे तुमच्या हिशोबाने पंधरा कॅरेट."

बाबा मुशीकडे बघत राहिले. "पंधरा म्हंजे अगदीच वाईट न्हाई," ते म्हणाले. आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुला पायजे का ते गणित?"

मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. शाळा कुठली, भाषा कुठली, राहायचं कुठे, हे सगळं ठरूनच माझ्याकडे यायचं. मी हो म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की भट्टीच्या आवाजात तो त्यांना ऐकू गेला का, अशी शंका आली. मी पुन्हा म्हणाले, "हो. पाहिजे."

मग सुरू झाल्या सरांच्या घरच्या दुपारच्या शिकवण्या. तिथे मला पहिल्यांदा सर कडक वाटले. प्रत्येक गणित तीनदा सोडवायचं, एकदा माझ्या रीतीने, एकदा फरहाच्या आणि एकदा पुस्तकाच्या. आणि तिसऱ्या वेळी मनात काही ठेवायचं नाही. "मनातलं मला दिसतं, कारण मी तुझ्या दुकानात जाऊन आलोय," ते म्हणायचे. "तपासणारा दुकानात आलेला नाही. त्याच्यासाठी कागदावर लिही." मी एकदा चिडून म्हणाले, मग माझी रीत कशाला, सोडूनच देते ना. सर खरंच दुखावले. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, बंद केलं. "सोडायची नाही. पेपरात पुस्तकाची लिही, आणि उत्तर तपासायला तुझी वापर. दोन वाटांनी एकाच जागी पोचलीस तर समज, बरोबर आहेस. ज्याला एकच वाट येते त्याने हे कसं तपासायचं?" आतून काकू म्हणाल्या, "अहो, आधी तिला खाऊ तर द्या. उपाशीपोटी एक वाटही सुचत नाही."

शाळेने शेवटी सरांच्या शब्दावर माझं नाव स्टँडर्डमध्ये घातलं. पोर्शनमधला शेवटचा धडा मात्र सरांकडून राहिलाच. तो कोऑर्डिनेटर मॅडमनी जादा तास घेऊन आम्हाला शिकवला, एका रीतीने, झटपट आणि अगदी स्वच्छ. बोर्डाच्या पेपरात तो धडा आला होता. हेही सांगायला हवं. मी स्टँडर्डमध्ये पास झाले, अकरावीत गणित घेतलं, आणि आता दिल्लीतल्या एका कॉलेजात गणितातच बी. एस्सी. करते आहे. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगतात, आणि मग विषय काय असं त्याने विचारलं की माझ्याकडे बघतात.

सर गेल्या हिवाळ्यात फलटणला वारले. फोन काकूंचा आला होता. मला तिथे जाता आलं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर सर येतात ते त्याआधीच्या वर्षातले, दिल्ली सोडायच्या आदल्या दिवशीचे.

काकू निवृत्त झाल्या होत्या. सरांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता, उजवा हात नीट चालत नव्हता. दोघांनी गावी परतायचं ठरवलं. मी भेटायला गेले तेव्हा घरभर खोकी होती आणि सर त्यांच्या मधोमध एकुलत्या उरलेल्या खुर्चीवर बसले होते. खडूचं ते घर त्यांच्या मांडीवर होतं. मी ठरवून गेले होते की आपण हसतमुख राहायचं. खरं तर माझं बरं चाललं नव्हतं. कॉलेजातलं गणित म्हणजे आकडे नव्हतेच, नुसती सिद्धता होती, आणि तीही इंग्रजीत. वर्गातली मुलं प्राध्यापकांचं वाक्य संपायच्या आत मान डोलवायची, मी अजून वाक्याच्या सुरुवातीला असायची. विषय बदलण्याची मुदत जवळ आली होती. बदलावा असं मी जवळजवळ ठरवलं होतं. घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

सरांचं बोलणं आता सावकाश झालं होतं. एकेक शब्द जुळवून ते म्हणाले, "कॉलेजात... किती आणे समजतं?"

बारा, असं माझ्या ओठांवर आलंच होतं. इतकी वर्षं हेच उत्तर दिलं होतं. पण त्यांना एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला ते मी नुकतंच पाहिलं होतं. मी म्हणाले, "सहा, सर."

काकूंचा खोक्याला चिकटपट्टी लावणारा हात थांबला. सरांच्या चेहऱ्यावर मात्र काही तरी उजळलं. "सहा," ते म्हणाले. "तुझ्या... कॅरेटमध्ये?"

मी मनात मांडलं. सोळात सहा, तर चोवीसात, "नऊ."

"हजारात?"

"तीनशे पंचाहत्तर."

"टक्क्यात?"

"साडेसदतीस."

"तेहतीसला पास असतात," सर म्हणाले. तोंडाच्या एकाच बाजूने ते हसले. मग डाव्या हाताने त्यांनी समोरच्या खोक्यावर खडूने सहा लिहिला. वाकडातिकडा आला. त्याभोवती त्यांनी गोलही काढला. "उत्तराची काळजी संपली. आता ते सहा आणे कुठले... ते सांग. बाकीचे दहा... नंतर."

मी जमिनीवर बसले. कुठून सुरुवात करावी कळेना, तरी जे मला खरोखर समजलं होतं ते एकेक करून, मराठीत, सांगायला लागले. सर डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले की एक डोळा उघडायचे आणि म्हणायचे, "और कोई?" आणि मला अजून एक आठवायचं.

विषय मी बदलला नाही. ते खोकं दुसऱ्या दिवशी ट्रकमधून फलटणला गेलं, त्यावरच्या गोलातल्या सहासकट.